नोटीस बोर्डावरच्या याद्या आणि एकविसावं कलम

मूलभूत हक्क हा भाग शिकवायला तसा सोपा वाटतो, कारण मुलं सातवीच्या नागरिकशास्त्रापासून तो वाचत आलेली असतात. समानतेचा हक्क, स्वातंत्र्याचा हक्क, शोषणाविरुद्धचा हक्क, सगळं घडाघडा म्हणून दाखवतात. प्रायव्हसी मात्र त्या यादीत कुठेच सापडत नाही. एकविसाव्या कलमात एकच वाक्य आहे, कायद्याने घालून दिलेल्या पद्धतीशिवाय कुणाचंही जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही, आणि त्या एका वाक्याच्या पोटात हा हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगायला २०१७ साल उजाडावं लागलं.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवते. दरवर्षी या विषयाला हात घातला की कुणीतरी हमखास म्हणतं, "मॅडम, आपण काही चुकीचं करतच नाही तर मग लपवायचं कशाला?" हे वाक्य मुलं घरातनं, टीव्हीवरनं, कधी कधी शिक्षकांकडनंसुद्धा ऐकून आलेली असतात. त्याला व्याख्या सांगून उत्तर देता येत नाही. मी त्यांना एका नोकरीच्या फॉर्मची गोष्ट सांगते.

१९८९ मध्ये दिल्लीतल्या एका बाईंना एलआयसीत नोकरी लागली. रुजू होताना मेडिकलसाठी एक डिक्लरेशन भरून द्यायचं होतं. त्यात विचारलं होतं, तुमची पाळी नियमित येते का, त्रास होतो का, शेवटची पाळी कुठल्या तारखेला आली, आजवर किती वेळा गरोदर राहिलात, गर्भपात झालाय का. पुढे त्या मॅटर्निटी लीव्हवर गेल्या आणि प्रोबेशन संपायच्या आत त्यांना कामावरनं काढलं, कारण काय तर पाळीची तारीख खोटी लिहिली. केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, १९९१ मध्ये निकाल लागला, कोर्टाने त्यांना परत कामावर घ्यायला लावलं आणि हे असले प्रश्न फॉर्ममधनं काढून टाका असं एलआयसीला सांगितलं.

मी ते प्रश्न वर्गात एकेक करून वाचते, फक्त वाचते, कुणाला काही विचारत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला मागच्या बाकावरची पोरं खाली बघायला लागतात, मुली एकमेकींकडे बघतात, आणि मग एखादी मुलगी चिडून म्हणते, "हे यांना कशाला पाहिजे पण?" एवढंच पाहिजे असतं मला. पाळी येणं ही चुकीची गोष्ट नाही, मूल होणं हा गुन्हा नाही, लपवण्यासारखं त्यात काहीच नाही, आणि तरीही ते ऑफिसातल्या साहेबाने विचारायचं नाही. चुकीचं काहीतरी झाकायला प्रायव्हसी लागते ही समजूत त्या तासाला मोडते आणि ती परत सहसा कुणी बोलून दाखवत नाही.

इथून पुढे मग इतिहास सांगायला मजा येते. उत्तर प्रदेशातला खरक सिंग नावाचा एक माणूस, दरोड्याच्या केसमध्ये पकडला, पुरावा नाही म्हणून सुटला, पण पोलिसांनी त्याच्यावर नजर ठेवणं काही सोडलं नाही. रात्री-अपरात्री घरी यायचे, दार वाजवायचे, उठवायचे, आहेस ना घरात म्हणून बघून जायचे. तो कोर्टात गेला. १९६२ मध्ये सहा न्यायाधीशांनी निकाल दिला की रात्री असं घरात घुसणं घटनाबाह्य आहे, पण बाकी पाळत चालेल, प्रायव्हसीची हमी आपलं संविधान देत नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी त्यावर वेगळा निकाल लिहिला, त्यांचं म्हणणं होतं की सतत कुणाची तरी नजर असेल तर माणूस मोकळेपणाने हिंडतो-फिरतो असं म्हणायचं कसं, पाळतच मुळात चुकीची आहे. अल्पमत म्हणून ते बाजूला पडलं. ५५ वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने सुब्बा रावांच्या बाजूने कौल दिला. आणि ती केस घेऊन गेलेले पुट्टस्वामी, कर्नाटक हायकोर्टाचे रिटायर्ड न्यायाधीश, आधारच्या विरोधात याचिका टाकली तेव्हा त्यांचं वय ऐंशीच्या पुढे होतं. हे ऐकल्यावर वर्गात शांतता होते, कारण एवढ्या वयात माणूस स्वतःसाठी असं काय मिळवणार हे मुलांनाही कळतं.

पण त्याच निकालातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते आणि त्यावर मी एक पूर्ण तास घालवते, सिलॅबस मागे पडला तरी. आणीबाणीत लोकांना न सांगता-सवरता आत टाकलं जात होतं. त्यांना निदान कोर्टात तरी जाता येईल का, हा प्रश्न सुप्रीम कोर्टापुढे आला, एडीएम जबलपूर केस म्हणतात तिला. सुनावणीत न्यायमूर्ती खन्नांनी सरकारच्या वकिलांना सरळ विचारलं की एखाद्या पोलिसाने वैर म्हणून कुणाचा जीव घेतला तरी दाद मागता येणार नाही का, आणि उत्तर आलं की आणीबाणी आहे तोवर नाही. २८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक असा निकाल लागला, सरकारच्या बाजूने. विरोधात लिहिणारे एकटे एच. आर. खन्ना. त्याची किंमत त्यांनी मोजली, १९७७ च्या जानेवारीत त्यांना डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश केलं आणि त्यांनी राजीनामा दिला. त्या चार जणांत एक होते आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड. आणि २०१७ मध्ये तो निकाल गंभीर चुकीचा होता, तो आम्ही रद्द करतो, असं लिहिणारे न्यायमूर्ती होते धनंजय चंद्रचूड, त्यांचेच चिरंजीव.

मुलांना यातली बाप-लेकाची गोष्ट आवडते, ती आवडणारच. मला त्यातनं वेगळं काहीतरी द्यायचं असतं. देशातलं सगळ्यात मोठं कोर्ट, शिकलेली, नामांकित, चांगली माणसं, आणि तरीही लोकांच्या स्वातंत्र्याच्या प्रश्नावर चुकली, आणि ती चूक कागदोपत्री दुरुस्त व्हायला चाळीस वर्षं लागली. हक्क पुस्तकात छापले म्हणजे मिळाले असं नसतं हे आमच्या मुलांना कळायला पाहिजे. त्याच काळात आमच्या इथे कराडला, १९७५ च्या डिसेंबरमध्ये, साहित्य संमेलनाच्या व्यासपीठावरनं दुर्गाबाई भागवत आणीबाणीविरुद्ध बोलल्या, यशवंतराव चव्हाण स्वतः स्वागताध्यक्ष असताना, आणि पुढे दुर्गाबाईंना अटकही झाली. कराड म्हटलं की माझ्या वर्गातली निम्मी मुलं सरसावून बसतात, कारण त्यांचा रोजचा बाजार तिथला. सासवडच्या व्ही. एम. तारकुंड्यांचं नाव मात्र एकालाही माहीत नसतं. मुंबई हायकोर्टाचं न्यायाधीशपद सोडलेला हा माणूस नंतर आयुष्यभर लोकांच्या नागरी स्वातंत्र्यासाठी उभा राहिला, १९७६ मध्ये जयप्रकाश नारायणांबरोबर पीयूसीएल ही नागरी हक्कांची संघटना उभारण्यात पुढे होता, आणि याच पीयूसीएलच्या केसमध्ये १९९६ च्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कुणाचाही फोन मनात आलं म्हणून टॅप करता येणार नाही, त्याला नियम पाहिजेत. पुरंदर तालुक्यातल्या शाळांत तरी तारकुंड्यांवर एखादा धडा असायला हवा होता असं मला मनापासून वाटतं.

पालघरचं प्रकरण फारसं समजावून सांगावं लागत नाही. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद झाली, एका मुलीने फेसबुकवर त्याबद्दल लिहिलं, तिच्या मैत्रिणीने लाईक केलं, दोघींना अटक. लाईक केलं म्हणून अटक, हे ऐकून मुलं खरंच हादरतात, कारण ती स्वतः दिवसभर तेच करत असतात. मग श्रेया सिंघल नावाची कायदा शिकायला निघालेली मुलगी सुप्रीम कोर्टात गेली आणि २४ मार्च २०१५ ला आयटी अ‍ॅक्टचं ६६ अ हे, आक्षेपार्ह ऑनलाइन लिखाणाबद्दल शिक्षा देणारं, कलमच रद्द झालं. आणि इतकं होऊनही पुढची कित्येक वर्षं ठिकठिकाणची पोलीस ठाणी त्याच मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवत राहिली, २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टालाच हे धक्कादायक आहे म्हणावं लागलं. म्हणून मी पोरांना सांगते की हे कलम रद्द झालंय एवढं तरी तोंडपाठ ठेवा, उद्या ठाण्यात बसायची वेळ आली तर कामाला येईल.

इथपर्यंत सगळं बाहेरचं असतं, दिल्लीतलं, पालघरमधलं, कुणाचं तरी. खरी अडचण सुरू होते ती आपल्याच बिल्डिंगमध्ये.

आपल्याकडच्या शाळा-कॉलेजांच्या नोटीस बोर्डावर काय काय लागतं ते एकदा नीट बघा. शिष्यवृत्तीची यादी लागते, त्यात नाव, जात, कॅटेगरी, बापाचं उत्पन्न, मोबाईल नंबर, कधी कधी बँक खात्याचा नंबरसुद्धा. फी बाकी असलेल्यांची यादी लागते. ग्रुपवर तीच यादी पीडीएफ करून टाकली जाते, ती कुणाकुणाच्या फोनमध्ये जाते कुणाला माहीत. महाडीबीटीचे, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलचे, फॉर्म भरायची तारीख जवळ आली की भर तासाला शिपाई नोटीस घेऊन येतो आणि मोठ्याने वाचतो, "एससी, एनटीवाल्यांनी ऑफिसला या." साठ मुलांच्या वर्गातनं सात-आठ मुलं उठतात. त्या उठण्याकडे बघा तुम्ही कधीतरी. काही मुलं चटकन उठतात, काही शेजारचा पेन उचलून बघतात, वहीत काहीतरी शोधल्यासारखं करतात आणि तास संपल्यावर सगळे गेले की मग एकटी ऑफिसला जातात. एक हुशार मुलगी होती, तिने फॉर्मच भरला नाही. घरची परिस्थिती बेताची, हक्काचे पैसे, आणि तिने सोडून दिले, कारण पहिल्या आठवड्यात जमलेल्या मैत्रिणींना आपली जात अशी कळावी हे तिला नको होतं. जात सांगायला लाज वाटू नये हे मलाही पटतं, पण कधी सांगायची, कुणाला सांगायची आणि सांगायची का, हे ज्याचं त्याने ठरवायचं आहे. शिपायाने नव्हे आणि मीही नव्हे.

ज्या दिवशी मी एकविसावं कलम शिकवते त्याच दिवशी बाहेरच्या पॅसेजमध्ये ती यादी लागलेली असेल तर मुलं माझं ऐकतील की यादीचं? त्यामुळे आता हा धडा मी यादीसकटच शिकवते. गेल्या वर्षी बारावीच्या मुलांनी प्राचार्यांना अर्ज दिला की शिष्यवृत्तीची यादी फक्त रोल नंबरने लावा, जातीचा आणि उत्पन्नाचा कॉलम काढा, आणि वर्गात पुकारा करायच्या ऐवजी सगळ्यांना एकच मेसेज पाठवा की ज्यांना लागू आहे त्यांनी अमुक तारखेपर्यंत यावं. अर्जाच्या भाषेवरनंच दोन तास वाद घातला पोरांनी, विनंती म्हणायचं की मागणी म्हणायचं. प्राचार्यांनी वाचला, म्हणाले बरोबर आहे, आणि पुढच्या यादीपासनं तसं झालं. काहीच खर्च नव्हता त्याला. इतकी वर्षं ते तसं होत नव्हतं कारण कुणी म्हटलंच नव्हतं.

आधारचं मात्र एवढं सोपं नाही. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने आधार कायदा बराचसा कायम ठेवला, पण शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही आणि आधार नाही म्हणून कुठल्याही मुलाला लाभ नाकारता येणार नाही हेही स्पष्ट सांगितलं. आता आपल्याकडे काय होतं बघा. संच मान्यतेला, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवायला, पोर्टलवर आधार वैध असलेली मुलंच पटावर धरायची असं धोरण आलं. म्हणजे एखाद्या मुलाच्या आधारवर जन्मतारीख किंवा नावातली वेलांटी चुकली असेल तर ते मूल रोज वर्गात बसलेलं असूनही मोजलं जात नाही, आणि अशी चार-सहा मुलं निघाली तर एक शिक्षक सरप्लस. मग तो शिक्षक काय करणार, पालकांच्या मागे लागणार, आधार द्या, दुरुस्त करून आणा, ओटीपी सांगा. सक्ती कुणीच कुणावर केलेली नसते कागदावर, आणि तरी सुटका कुणाचीच नसते. अपार आयडीचंही, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याच्या कायमच्या शैक्षणिक ओळख क्रमांकाचंही, तेच, पालकांचं संमतीपत्र घ्यायचं असतं, योजना ऐच्छिक आहे, पण शाळेवर टक्केवारीचा रेटा असेल तर संमतीपत्र म्हणजे सह्या गोळा करायचं काम होऊन बसतं. मी त्या शिक्षकांना दोष देणार नाही, त्यांच्या डोक्यावर रोज नवीन लिंक असते. पण ते संमतीपत्र आम्ही वर्गात ओळ न् ओळ वाचतो, कशाला संमती देतोय, माहिती कुणाकडे जाणार, संमती मागे घेता येते का, आणि मग मी सांगते की हे घरी जाऊन आईला वाचून दाखवा आणि तिला ठरवू दे. किती जणींच्या आईने आयुष्यात पहिल्यांदा सही करायच्या आधी कागद ऐकला असेल.

घर हा विषय सगळ्यात नाजूक. एका मुलाने मला विचारलं होतं, "मॅडम, आमचं घर एका खोलीचं, आम्ही सहाजण, आमच्यात कसली प्रायव्हसी?" त्याला मी म्हटलं की ज्याच्याकडे दार लावायला खोली आहे त्याचं एकवेळ या हक्कावाचून भागेल, तुझं भागणार नाही. मोठ्या बंगल्यात पोलीस वॉरंट घेऊन, बेल वाजवून जातात आणि वस्तीत सरळ पत्रा ढकलून आत जातात, हे त्याने स्वतः बघितलेलं होतं, मला सांगावं लागलं नाही. भिवंडी तालुक्यातल्या एका पोलीस इन्स्पेक्टरची केस मी अशा वेळी सांगते. रात्री तो एका बाईच्या झोपडीत घुसला, आणि पुढे बचाव असा केला की तिचं चारित्र्य चांगलं नाही, तिच्यावर विश्वास ठेवू नका. सुप्रीम कोर्टाने त्याला उत्तर दिलं की बाई कशीही असो, तिच्या घरात तिच्या मर्जीविरुद्ध वाटेल तेव्हा शिरायचा अधिकार कुणालाही नाही. १९९० चा निकाल आहे, महाराष्ट्रातला, झोपडीतला. हा प्रत्येक मुलीला माहीत असावा.

आणि मुलींचे फोन. भाऊ बघतो, बाप बघतो, पासवर्ड ठेवला की काहीतरी लफडं आहे असं धरून चालतात, आणि शेवटी फोन काढून घेतात, नाहीतर शिक्षणच बंद. केरळमधल्या एका कॉलेजच्या मुलीने होस्टेलमधला संध्याकाळी ६ ते १० मोबाईल जमा करायचा नियम मानला नाही म्हणून तिला होस्टेलमधनं काढलं, ती हायकोर्टात गेली, आणि २०१९ मध्ये कोर्टाने म्हटलं की इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि प्रायव्हसीच्या हक्काचा भाग आहे, तिला परत घ्या. ही केस सांगितली की वर्ग टाळ्या वाजवतो. पण मी लगेच सांगते की ती कॉलेजशी भांडत होती, बापाशी नव्हे. घरातल्या माणसाविरुद्ध एकविसावं कलम घेऊन कोर्टात जाणं आमच्या सतरा वर्षांच्या मुलीला शक्य नाही आणि मी तिला तसं भासवणार नाही. २०२३ च्या डेटा प्रोटेक्शन कायद्यात तर १८ वर्षांच्या आतल्या सगळ्यांना मूल धरून त्यांची माहिती वापरायला पालकांची संमती लागेल असं केलंय, सात वर्षांचं पोर आणि सतरा वर्षांची मुलगी एकाच मापात. मुलांना जाहिरातींसाठी ट्रॅक करायचं नाही हे त्यातलं चांगलंय, पण ज्या मुलीला घरातच धोका आहे तिने मदत मागायला कुठल्या अ‍ॅपवर जायचं आणि कुणाची संमती आणायची?

प्रेमविवाहाचा प्रश्न दरवर्षी कुणीतरी चिठ्ठीवर लिहून पाठवतं, नाव न घालता. स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली धर्म न बदलता, रजिस्टर पद्धतीने लग्न करायचं तर ३० दिवस आधी नोटीस द्यायची आणि ती ऑफिसात सगळ्यांना दिसेल अशी लावायची. नाव, पत्ता, सगळं. परत एक बोर्ड, परत एक यादी. अलाहाबाद हायकोर्टाने २०२१ मध्ये म्हटलं की जोडप्याची इच्छा नसेल तर ती लावू नये, पण कायद्यातलं कलम अजून आहे तिथंच आहे. ही चिठ्ठी कुणाची हे मी कधी शोधत नाही. उत्तर मात्र सगळ्या वर्गाला देते.

यंदा मुलांनी मला अडवलं. एकजण म्हणाला, "मॅडम, मग ग्रामपंचायतीत घरकुलाची यादी लावतात ती पण काढायची का? तीपण प्रायव्हसीच की." प्रश्न अगदी बरोबर जागी होता, कारण त्याच २०२३ च्या कायद्याने माहिती अधिकाराचं ८(१)(जे) हे कलम बदललंय. आधी खासगी माहितीसुद्धा जनहित मोठं असेल तर द्यावी असं त्या कलमातच होतं, आता तिथे वैयक्तिक माहिती म्हटलं की अधिकाऱ्याला नाही म्हणायची सोय झाली. ज्या महाराष्ट्रात माहिती अधिकारासाठी उपोषणं झाली आणि केंद्राच्या आधी कायदा आला, तिथे प्रायव्हसीचं नाव पुढे करून घरकुलाची यादीच मिळेनाशी झाली तर सरपंचाच्या पुतण्याला घर मिळालं हे कळणार कसं? हे दोन्ही हक्क एकमेकांच्या विरोधात नाहीत, माझं मत पक्कं आहे, सामान्य माणसाबद्दल सरकारला कमीत कमी कळावं आणि सरकारबद्दल सामान्य माणसाला जास्तीत जास्त.

मग आम्ही फळ्यावर घरकुलाच्या यादीचे कॉलम लिहिले आणि एकेकावर वाद घातला. नाव राहणार, कारण पैसा सगळ्यांचा आहे. मंजूर रक्कम राहणार, हप्ता कधी पडला ते राहणार. आधार नंबर खोडला, खातं नंबर खोडला, मोबाईल खोडला, यावर कुणाचं दुमत नव्हतं. जातीच्या कॉलमवर येऊन वर्ग दोन भागांत फुटला. एका बाजूचं म्हणणं, राखीव घरं खऱ्या लोकांना गेली का ते तपासायला जात लिहायलाच पाहिजे, नाहीतर दुसरेच लाटतील, आमच्या गावात लाटलीत. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, कुठल्या प्रवर्गाला किती घरं गेली त्याचा आकडा खाली लिहा, नावापुढे जात नको. मला स्वतःला दुसरं पटतं, पण पहिल्या बाजूला दोन मुलं अशी होती की ज्यांच्या घरचं घरकुल खरंच दुसऱ्याच्या नावावर गेलं होतं, आणि त्यांना माझ्याकडे असं काही उत्तर नव्हतं की जे त्यांच्या तोंडावर सांगता येईल. बेल झाली तरी कुणी उठेना. तो कॉलम अजून फळ्याच्या फोटोत प्रश्नचिन्हासकट आहे, पुढच्या आठवड्यात त्या दोघांपैकी एकजण ग्रामसेवकांना वर्गात घेऊन येणार आहे, त्यांनी हो म्हटलंय.